भारतीय सैनिकांचा युद्धनकार

भारतीय सैनिकांचा युद्धनकार म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय सैन्यदलांतील सैनिकांनी धर्मश्रद्धा, नैतिक विवेक किंवा राजकीय मत यांच्या आधारे युद्धावर जाण्यास अथवा शस्त्र चालविण्यास दिलेला नकार होय. असा नकार देणाऱ्यांना कायद्याने 'सदसद्विवेकी विरोधक' म्हणून कधीच मान्यता दिली नाही. त्यांच्यावर बंडाचा किंवा आज्ञाभंगाचा आरोप ठेवला जाई व शिक्षा तुरुंगवास, काळे पाणी वा मृत्युदंडाची असे. परदेशी मोहिमांवर जाणाऱ्या पलटणी मोठ्या संख्येने मुंबई बंदरातून रवाना होत. त्यामुळे या इतिहासातील काही महत्त्वाच्या घटना मुंबईत घडल्या.

== संज्ञा व पार्श्वभूमी ==

सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लष्करी सेवा नाकारणाऱ्या व्यक्तीस सदसद्विवेकी विरोधक म्हणतात. ही संकल्पना मुख्यतः सक्तीच्या लष्करभरतीतून पुढे आली. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा त्याच कायद्यात अशा विरोधकांसाठी सूट मागण्याची तरतूद होती. त्यांचे अर्ज स्थानिक न्यायाधिकरणांपुढे जात. अर्ज फेटाळल्यावरही गणवेश नाकारणाऱ्या हजारो तरुणांनी तुरुंगवास भोगला.

भारतात परिस्थिती वेगळी होती. भारतीय सैन्य स्वेच्छाभरतीचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली होती. शिपाई स्वतःहून भरती झाला असे गृहीत धरले जाई, म्हणून त्याला नंतर नकार देण्याचा मार्ग नव्हता. प्रत्यक्षात दुष्काळ, कर्ज, अपुरी शेती आणि भरती अधिकाऱ्यांचा दबाव यांमुळेही अनेक जण फौजेत जात. युद्धाचा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राही तो बहुधा भरतीनंतर, एखाद्या विशिष्ट हुकमाच्या रूपाने.

== पहिले महायुद्ध ==

१९१४ साली ऑटोमन तुर्कस्तान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरल्यावर मुस्लिम सैनिकांपुढे धर्मसंकट उभे राहिले, कारण तुर्की सुलतान हाच खलिफा मानला जाई. नोव्हेंबर १९१४ मध्ये १३० व्या बलुची पलटणीतील एका पठाण शिपायाने मुंबईत आपल्या ब्रिटिश अधिकाऱ्यास ठार केले. त्यानंतर पलटण रंगूनला हलविण्यात आली. जानेवारी १९१५ मध्ये तिच्यातील शिपायांनी मोम्बासाला जाण्यास नकार दिला. सुमारे २०० जणांना शिक्षा झाल्या व दोघांना मृत्युदंड देण्यात आला.

फेब्रुवारी १९१६ मध्ये बसरा येथे १५ व्या लान्सर्स रेजिमेंटच्या मुस्लिम स्वारांनी पवित्र स्थळांच्या परिसरात तुर्कांविरुद्ध लढण्यास नकार दिला. अन्यत्र सेवा करण्याची त्यांची तयारी होती. त्यांतील ४२९ जणांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. सर्व युद्धांना विरोध न करता एका विशिष्ट युद्धापुरता दिलेला नकार म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे मानता येते.

== पेशावर, १९३० ==

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये सविनय कायदेभंगाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. त्या वेळी १८ व्या रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालविण्यास नकार दिला. त्यांचे नेतृत्व चंद्रसिंह गढवाली यांनी केले. लष्करी न्यायालयात बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी सैनिकांची बाजू मांडली. चंद्रसिंहांना जन्मठेप व इतर सोळा जणांना वेगवेगळ्या मुदतींच्या शिक्षा झाल्या.

५ मार्च १९३१ च्या गांधी–आयर्विन करारान्वये कायदेभंगातील अहिंसक कैद्यांची सुटका झाली. मात्र हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक व पोलीस यांना त्या माफीतून स्पष्टपणे वगळण्यात आले होते. त्यामुळे अहिंसक जमावाचे प्राण वाचविणारे गढवाली सैनिक तुरुंगातच राहिले. चंद्रसिंह सुमारे अकरा वर्षांनी, १९४१ मध्ये सुटले. भारतीय टपाल खात्याने १९९४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

== मुंबई बंदर, १९४० ==

जुलै १९४० मध्ये सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटला परदेशी आघाडीवर पाठविण्यासाठी मुंबईत आणण्यात आले. तेथे तिच्यातील शीख स्क्वॉड्रनच्या सैनिकांनी जहाजावर चढण्यास नकार दिला. या सैनिकांमध्ये पंजाबातील कीर्ती या साम्यवादी गटाचा प्रचार पोहोचला होता. हे युद्ध साम्राज्यासाठी असून भारताचे नाही, असे त्या गटाचे मत होते. लढाईच्या काळात आपल्या गावांचे व कुटुंबांचे काय होईल, ही चिंताही नकारामागे होती.

शंभराहून अधिक सैनिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. चौघांना मृत्युदंड देण्यात आला व इतर बहुतेकांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही काळ सैन्यातील शिखांची भरतीही थांबविण्यात आली. रेजिमेंटचा उर्वरित भाग पुढे आफ्रिकेतील मोहिमांत लढला.

याच काळात महाराष्ट्रात युद्धविरोधाचा नागरी प्रवाहही प्रबळ होता. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला व त्यांना तुरुंगवास झाला. कामगार आणि सत्याग्रही नागरी कायद्याच्या कक्षेत होते. गणवेशातील माणसाने तेच मत कृतीत उतरविले, तर त्याला लष्करी कायदा लागू होई आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शके.

== नौदलातील उठाव, १९४६ ==

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील 'तलवार' या प्रशिक्षण तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न व वंशभेदी वागणूक ही तात्कालिक कारणे होती. परंतु मागण्यांमध्ये आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे यांचाही समावेश होता. दुसऱ्या वसाहतीचा स्वातंत्र्यलढा दडपण्यासाठी भारतीय सैनिक वापरला जाऊ नये, हा या दुसऱ्या मागणीचा अर्थ होता. एम. एस. खान हे संप समितीचे अध्यक्ष व मदनसिंह उपाध्यक्ष होते. तळावर घोषणा रंगविल्याबद्दल बलाईचंद्र दत्त यांना त्याआधीच अटक झाली होती.

२१ फेब्रुवारीस कॅसल बराकीभोवती गोळीबार झाला. तेथे पहाऱ्यावर असलेल्या मराठा सैनिकांनी खलाशांवर गोळ्या झाडण्यात अनुत्साह दाखविला व त्यांच्या जागी ब्रिटिश तुकड्या आणल्या गेल्या, असे अनेक वृत्तांतांत नमूद आहे. गिरणगावासह शहरभर हरताळ पडला. लष्कर व पोलिसांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले. त्यांत परळ येथील कमल दोंदे यांचा समावेश होता.

वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीस खलाशांनी शरणागती पत्करली. सूडबुद्धीने कारवाई होणार नाही, असे आश्वासन मिळूनही अनेकांना मुलुंड येथील छावणीत डांबण्यात आले. एकूण ४७६ खलाशांना नौदलातून काढून टाकण्यात आले. स्वातंत्र्यानंतर भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही नौदलाने त्यांना परत घेतले नाही. दत्त यांनी पुढे 'म्युटिनी ऑफ दि इनोसन्ट्स' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. कुलाब्यात या उठावाचे स्मारक आहे.

== शपथ आणि विवेक यांचा वाद ==

सैनिकाच्या नकाराबाबत राष्ट्रीय चळवळीत एकमत नव्हते. जुलै १९२१ च्या कराची खिलाफत परिषदेने मुस्लिमांनी ब्रिटिश सैन्यात राहणे धर्मबाह्य ठरविले व त्याबद्दल अली बंधूंना तुरुंगवास झाला. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी महात्मा गांधी व इतर नेत्यांनी मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात, भारतीयाने या सरकारची विशेषतः सैनिक म्हणून नोकरी करणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याचे म्हटले. मात्र १९३२ साली गढवाली सैनिकांविषयी विचारले असता, सेवेत राहून हुकूम मोडणे हा शपथभंग आहे व उद्याच्या स्वतंत्र भारतातही सैनिक तसेच वागतील, अशी भूमिका गांधींनी घेतली. १९४६ मध्येही अपमान सहन होत नसल्यास खलाशांनी नोकरी सोडावी, असे त्यांचे मत होते. अरुणा असफ अली यांनी त्यास जाहीर विरोध केला.

गांधींच्या या भूमिकांत वरवर दिसणारी विसंगती राजीनामा आणि आज्ञाभंग यांतील भेदावर उभी आहे. टीकाकारांचा आक्षेप असा, की बंदुकीचा चाप ओढण्याचा हुकूम झालेल्या शिपायापाशी राजीनाम्याचा पर्यायच नसतो.

== स्वतंत्र भारतातील कायदा ==

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. त्याच वेळी अनुच्छेद ३३ अन्वये सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, तर अनुच्छेद २३(२) नुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकते. भारतात सर्वसाधारण सक्तीची लष्करभरती नसल्याने सदसद्विवेकी विरोधकाचा स्वतंत्र कायदेशीर दर्जाही निर्माण झालेला नाही.

सेना अधिनियम, १९५० च्या कलम ३७ नुसार बंडास मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ४१ अन्वये वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा जाणीवपूर्वक धुडकावल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या कलमातील 'कायदेशीर आज्ञा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बेकायदेशीर हुकूम नाकारणाऱ्या सैनिकास त्यांचा आधार घेता येतो. परंतु कायदेशीर, तरीही विवेकाला न पटणारा हुकूम नाकारणाऱ्यास तो मिळत नाही.