फ्रीजमधल्या आया

वर्गातलं एखादं मूल कोणाशी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, असं दिसलं की शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न ठरलेला असे, "याची आई काय करते हो?" बाप काय करतो हे क्वचितच कोणी विचारी. पण मंडळी, हाच प्रश्न अमेरिकेतले नामवंत डॉक्टर वीस-पंचवीस वर्षं विचारत होते, आणि तोही शास्त्राच्या नावाखाली! ऑटिझमच्या, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिच्या, इतिहासातली ही गोष्ट आहे.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आई-वडिलांनी त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच एका संस्थेत ठेवलं होतं, पण वर्षभरात घरी परत आणलं. वडिलांनी कॅनरना मुलाविषयी ३३ पानांचं पत्र धाडलं होतं. निबंधाच्या शेवटी कॅनरनी स्वच्छ लिहिलं, की ही अडचण मुलं जन्मतःच घेऊन येतात. पण या मुलांच्या पालकांत मायाळू माणसं फार थोडी, अशीही एक नोंद त्यांनी केली. पुढे १९४९ मध्ये ही मुलं जणू फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी वाढली, अशी उपमा त्यांनी दिली. उपमा लोकांच्या डोक्यात बसली, जन्मजात दोषाची गोष्ट मागे पडली. त्यातूनच 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रुळला.

त्यावर कळस चढवला शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी. ते स्वतः नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छावण्यांत राहिलेले. स्वमग्न मुलांची तुलना त्यांनी तिथल्या कैद्यांशी केली. मुलगा कैदी, तर पहारेकरी कोण? आईच! १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं, गाजलं. मूल आई-बापांपासून दूर ठेवणं हाच त्यांचा इलाज. ज्या बाईचं पोर रात्र रात्र झोपत नाही, तिनं ते वाचून काय केलं असेल?

या साऱ्याला तोंड दिलं ते एका बापानं. बर्नार्ड रिमलंड हे सॅन दिएगोत नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. १९५६ साली त्यांना मुलगा झाला, मार्क. तो अखंड रडायचा, कुशीत यायचा नाही. बायकोला, ग्लोरियाला, कॉलेजातल्या एका जुन्या पुस्तकात तसंच वर्णन वाचल्याचं आठवलं. पुस्तक शोधलं, तेव्हा 'ऑटिझम' हा शब्द कळला. मग रिमलंडनी हाती लागेल ते सगळं वाचून काढलं. आईच्या दोषाचा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही. १९६४ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनरनी. पुस्तकाच्या शेवटी प्रश्नावली होती. ती भरून देशभरचे पालक पाठवू लागले. १९६५ मध्ये या पालकांची संघटना उभी राहिली, आणि १९६९ साली तिच्याच सभेत म्हाताऱ्या कॅनरनी पालकांना दोषमुक्त केल्याचं जाहीर केलं. सभागृहातल्या आयांचा विचार केला की आजही मला भरून येतं.

पुरावा मात्र १९७७ मध्ये आला. सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या दिसणाऱ्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. आकडे लहान, पण बोट आनुवंशिकतेकडे होतं.

असो. पण आईची सुटका झाली म्हणावं, तर १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या बारा मुलांच्या आधारावर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय घेतला. म्हणजे मुलाला टोचायला नेलं तेही आईनंच! २००२ साली डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा संबंध आढळला नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला. दुर्दैव असं, की आयांना सोडवणारे रिमलंडच उतारवयात लशींवरच्या संशयाच्या बाजूने उभे राहिले होते.

आणि डोनाल्ड? तो गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला.