घर, मन आणि मोहल्ला : मुसीच्या पुरापासूनचे हैदराबाद



'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रोख घर उभे करण्याच्या खटाटोपाकडे आहे. आज मी ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो त्यापुढचा आहे. उभे केलेले घर हातून जाते, किंवा ते केव्हा जाईल याचा भरवसा उरत नाही, तेव्हा माणसाच्या मनाचे आणि त्याच्या मोहल्ल्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. आपल्याच शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० सांगितली जाते. सुमारे १९,००० घरे पडली आणि ८०,००० माणसे निराधार झाली, असे आकडे नमूद आहेत. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले. रुबायांसाठी प्रसिद्ध असलेले उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. कुटुंबात ते एकटे उरले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पूरग्रस्तांसाठी वाड्यांची दारे उघडली आणि अन्नछत्रे चालविली. परंतु अन्न आणि तात्पुरता आसरा मिळाला म्हणजे माणूस पुन्हा स्थिर होतो, असे नाही. पुरात भिंती पडल्या, त्याबरोबर शेजारही वाहून गेला. कोणाच्या ओट्यावर बसावे, अडीनडीला कोणाची कडी वाजवावी, हे ज्याला ठाऊक असते तो गरीब असला तरी निराधार नसतो. पुराने हजारोंचे हे ठाऊकपणच नष्ट केले.

पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पूरनियंत्रणाची योजना आखली. तिच्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. ही कथा आपण शाळेत शिकलो. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी कथा १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा मंडळाची, म्हणजेच 'आराइशे बलदा'ची आहे. रस्ते रुंद करणे, गलिच्छ वस्त्या हटविणे आणि साध्या माणसांसाठी भाड्याची घरे बांधणे, ही कामे या एकाच मंडळाकडे होती. खैरताबादेत 'सी.आय.बी. क्वार्टर्स' हे नाव त्याची आठवण देते.

ही कामे एकाच ठिकाणी असण्याचे महत्त्व त्या काळच्या मुंबई-पुण्याकडे पाहिले म्हणजे कळते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे उठविली, तितक्यांना घरे दिली नाहीत. उठविलेली माणसे शेजारच्या दाट चाळींत शिरली आणि तेथील दाटी आणखी वाढली. पुण्यात १८९७ साली सोजिरांनी घरोघर शिरून तपासणी केली. रोगाहूनही ही तपासणी लोकांच्या जिव्हारी लागली आणि तिचे पर्यवसान रँडच्या वधात झाले. उंबरठा ही केवळ लाकडाची पट्टी नसते. तो परक्याने वाटेल तेव्हा ओलांडला की घरातले माणूस आतून मोडते, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

हैदराबादच्या मंडळाचे सर्वच काम निर्दोष होते, असा माझा दावा नाही. दरमहा पगार घेणाऱ्यास ठरावीक भाडे परवडते. रोजंदारीवर जगणाऱ्यास तेच भाडे महिन्याच्या शेवटी डोईजड होते. तथापि, ज्याचे घर पाडावयाचे त्याच्या निवाऱ्याचा विचार पाडणाऱ्यानेच केला पाहिजे, हे तत्त्व या व्यवस्थेत होते.

घरापाठोपाठ मोहल्ल्याचा विचार येतो, आणि तेथे आपल्या मराठी समाजाचा अनुभव बोलका आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि राजधानीतील मराठी माणूस आपल्याच शहरात अल्पसंख्य झाला. अनेक कुटुंबे औरंगाबादेकडे, नांदेडकडे गेली. जी राहिली, त्यांची भाषा आणि संस्था टिकल्या. याचे श्रेय आपण कार्यकर्त्यांच्या निष्ठेला देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गौलीगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच पत्त्यावर नांदणारी घरे नसती, तर शाळेत मुले कोठून आली असती, गणेशोत्सवाची वर्गणी कोणी गोळा केली असती आणि ग्रंथालयाचे पुस्तक परत करावयास कोण आले असते? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असणाऱ्यांकडून संस्था उभ्या राहत नाहीत.

हाच धडा झोपडपट्टीनेही दिला. १९६७ मध्ये हैदराबादेत नागरी समुदाय विकासाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पुढच्या टप्प्यांत वस्त्यांमधील रहिवाशांना जागेचे पट्टे मिळाले आणि बँकांच्या कर्जातून अनेकांनी आपली घरे स्वतः बांधली. पट्टा म्हणजे एक कागद. परंतु उद्या आपल्याला कोणी उठविणार नाही, अशी खात्री झाल्यावर माणूस कुडाच्या जागी वीट लावतो, मुलाचे नाव शाळेत घालतो आणि नळासाठी शेजाऱ्याबरोबर अर्ज करतो. भिंतीच्या आधी मन पक्के होते.

मनाच्या आरोग्याचा विचार करताना आणखी एक दुवा सांगितला पाहिजे. निजामी राज्याचे मनोरुग्णालय मराठवाड्यात जालन्यास होते. ते नंतर हैदराबादेत एर्रगड्डा येथे आले. अशा रुग्णालयांत सर्वत्र एक शोकांतिका दिसे : रोगी बरा होई, पण त्याला घर उरलेले नसे, म्हणून तो तेथेच राही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे अमान्य ठरविले. केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे १९ वे कलम सांगते. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या स्त्रियांना सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरांत वसविण्याचा उपक्रम चालविला आहे. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील सुमारे २,००० बेघर मनोरुग्णांबाबत 'आधी घर, मग उपचार' या पद्धतीची पारख झाली. अशा रीतीने घर मिळालेली माणसे इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकली. आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली. म्हणजे घर हे औषध नव्हे. परंतु औषधाचा उपयोग होण्यासाठी जे स्थैर्य लागते, ते घराखेरीज मिळत नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण मुसीच आहे. २०२४ मध्ये नदीकाठाच्या विकास योजनेसाठी काठावरील घरांवर लाल खुणा करण्यात आल्या. अनेक कुटुंबांना अन्यत्र दोन शयनकक्षांच्या सरकारी सदनिका देऊ केल्या गेल्या. काहींनी त्या घेतल्या, काहींनी विरोध केला. नदीचे पात्र मोकळे असावे, हे १९०८ चा इतिहास जाणणारा कोणीही नाकारणार नाही. पुराच्या तोंडी असलेले घरही स्थिर घर नव्हे. परंतु भिंतीवर खूण झाल्यापासून निर्णय होईपर्यंतचे दिवस ज्या घरात जातात, तेथे झोप उडते, मुलांचा अभ्यास थांबतो आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. या नुकसानीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

म्हणून इतिहासाकडून तीन गोष्टी घ्याव्यात असे वाटते. नवे घर हाती दिल्यावाचून जुने पाडू नये. नवे घर रोजगारापासून आणि मुलांच्या शाळेपासून दूर नसावे. आणि शक्यतो संपूर्ण गल्ली एकत्र हलवावी. कारण माणूस घरात राहतो तसा शेजारातही राहतो.

आपल्यापैकी अनेकजण अभियंते, वकील, डॉक्टर, अधिकारी झाले आहेत. कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर अशी एखादी फाइल केव्हातरी येईल. तिच्यावर सही करण्यापूर्वी त्या घरात संध्याकाळी दिवा लावणारे माणूस डोळ्यांसमोर आणावे, एवढीच माझी विनंती आहे.