जामसांवली मार्ग

नागपूरहून सावनेर व सौंसरमार्गे जामसांवलीच्या हनुमान मंदिराकडे नेणारा आंतरराज्य रस्ता. सावनेरपासून तो राष्ट्रीय महामार्ग ५४७ चा भाग असून पुढे सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्यास जातो (⟶ सातपुडा पर्वत). नागपूर व छिंदवाडा हे जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि या रस्त्यावर राज्यसीमा आली (⟶ मध्य प्रांत व वऱ्हाड). बोली मात्र सीमेपाशी बदलत नाही. सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील सौंसरच्या बाजारात मराठी सर्रास चालते. सौंसर व पांढुर्णा तहसील मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला (⟶ गोटमार).

वाटेत काळी जमीन, कापूस व संत्र्यांच्या बागा आहेत. उन्हाळ्यात मात्र माळ करडा पडतो व ओढ्यांत वाळूच दिसते. जामसांवलीस जाम नदीकाठी पिंपळाखाली हनुमानाची शेंदूरचर्चित मूर्ती निद्रावस्थेत, आडवी आहे. उभ्या मारुतीची सवय असलेल्या यात्रेकरूस ती प्रथम मूर्ती वाटतच नाही. तिच्या नाभीतून झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून देतात. ते मनोविकारांवर गुणकारी असल्याची श्रद्धा असल्याने रुग्णांना घेऊन कुटुंबे येथे मुक्काम करतात. मंगळवार, शनिवार व हनुमान जयंतीस गर्दी असते.