हिरड्यांचा रोग : प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांचे प्राण्यांवरील प्रयोग

बोलीत ज्याला पायरिया म्हणतात, त्या परिदंतरोगात दाताभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. सुरुवात दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरापासून होते. पण हाड जंतू खात नाहीत. जंतूंना तोंड देताना प्रतिकारपेशी जी द्रव्ये सोडतात, त्यांनी चेतलेल्या ऑस्टिओक्लास्ट पेशी ते विरघळवतात. त्यामुळे प्रतिकारशक्तीला आवर घालून हाड वाचवता येईल का, हे प्राण्यांत तपासले जाते.

नेहमीची पद्धत साधी आहे. उंदराला भूल देऊन वरच्या दुसऱ्या दाढेच्या मुळाशी रेशमी दोरा घट्ट बांधतात. दोऱ्यात जंतू साठतात, हिरडी सुजते आणि एकदोन आठवड्यांत हाड झिजते. नंतर जबड्यावरचे मांस काढून सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या एनॅमलच्या कडेपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. मिलिमीटरच्या दशांशातला फरकही येथे मोलाचा असतो.

१९९८ साली लांब शेपटीच्या माकडांवर झालेला प्रयोग या क्षेत्रातला सर्वांत बोलका म्हणावा लागेल. इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ या दोन दाहकारक द्रव्यांना अडवणारी प्रथिने हिरडीत टोचल्यावर हाडाची झीज सुमारे ६० टक्क्यांनी घटली. जंतू तेच, दोराही तोच. बदलला तो शरीराचा प्रतिसाद.

मात्र प्रतिकारशक्ती दाबली की हिरडी सुरक्षित, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी रक्तातून हिरडीत उतरूच शकत नाहीत, त्यांचे हाड उलट झपाट्याने झिजते. तेथे इंटरल्युकिन-१७ बेसुमार वाढते; ते अडवले की झीज मंदावते. याच विचारसरणीने तसा जन्मजात दोष असलेल्या एका रुग्णावर अमेरिकेत इंटरल्युकिन-१७ घटवणारे उस्टेकिनुमॅब हे औषध वापरले गेले आणि हिरड्यांचा दाह ओसरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाणारे सायक्लोस्पोरिन माणसाप्रमाणे उंदरातही हिरडी फुगवते. हाडावरच्या परिणामाबाबत मात्र प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

औषध दवाखान्यापर्यंत पोहोचल्याचे ठळक उदाहरण टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांच्या गटाचे. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या मधुमेही उंदरांतही या गटातल्या मिनोसायक्लिनने हिरडीतील कोलॅजन तोडणारे विकर मंदावते, असे १९८० च्या दशकात दिसले. मारायला जंतूच नव्हते, म्हणजे औषध थेट शरीरावर काम करत होते. त्या धाग्यावरून पुढे २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोनदा, या मात्रेला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही मात्रा जंतू मारण्याइतकी नसते.

दोऱ्याने जडवलेला रोग पंधरवड्याचा, माणसाचा वर्षानुवर्षांचा. ही तफावत मोठी आहे. म्हणून हिरड्यांचा रोग आपोआप जडलेल्या माकडांवरील काम विशेष महत्त्वाचे वाटते. कॉम्प्लिमेंट या प्रतिकारप्रथिनांच्या साखळीतील सी-३ प्रथिन रोखणारे सीपी-४० हे द्रव्य सहा आठवडे हिरडीत टोचल्यावर त्यांची सूज उतरली, आणि टोचणे थांबवल्यानंतरही काही आठवडे तो गुण टिकून राहिला.