पगाराच्या पावतीवरची एक ओळ

डिसेंबर संपत आला की मी वहीत दोन रकाने आखते. डावीकडे वर्षभरात जे बिनसलं ते, उजवीकडे जे बरं झालं ते. ही सवय फार जुनी. यंदा डावा रकाना पान संपलं तरी संपेना. जूनमध्ये नोकरी गेली (आमचा अख्खा विभागच बंद झाला), ऑगस्टमध्ये बाबांचं ऑपरेशन, दिवाळीत घरात कुणाला फराळ करायचा उत्साह नाही... आणि उजवीकडे काय, तर "गच्चीतला कढीपत्ता जगला". बास. पुढे पेन हलेचना.

म्हणून वही मिटली आणि इन्कम टॅक्ससाठी जुन्या पगाराच्या पावत्या लावायला घेतल्या. प्रत्येक पावतीवर एक ओळ होती. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाला अडीच हजार. बारा वर्षं ही ओळ पाहून मी कुरकुर केली, पण हा कर कसला, हे कधी पाहिलं नव्हतं. आता वेळच वेळ आहे, म्हणून शोधलं, आणि पोचले थेट १९७२ सालात!

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आमच्या घरातली मोठी माणसं अजूनही गप्प होतात. आमचं गाव माण तालुक्यातलं. आधीची दोन वर्षंही बेताचीच गेली होती, त्यात बहात्तरला पावसानं पाठच फिरवली. खरीप गेलं, रब्बी गेलं. गावोगावी दुष्काळी कामं निघाली : रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, हे दोन शब्द त्या पिढीच्या जिभेवर अजून आहेत.

१८७६-७८ च्या दुष्काळात याच दख्खनच्या पठारावर माणसं अन्नावाचून मेली होती. बहात्तरला हाल झाले, पण तसं झालं नाही. हाताला काम आणि कामाला दाम मिळाले, हे त्यामागचं एक मोठं कारण. पुढे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला तो याचसाठी.

मात्र यामागची कल्पना दुष्काळातली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती आधीच मांडली होती आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात तिचा प्रयोगही झाला होता. खेड्यातला माणूस काम मागायला आला तर ते देणं ही सरकारची जबाबदारी, अशी ती साधी कल्पना. कल्पना होती, पण तिची खरी गरज राज्याला पटली ती बहात्तरनंतर. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. आणि बाईला व पुरुषाला कामाचा दर एकच.

याला पैसा कुठून आणायचा? तर १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर एक कर बसवला गेला. जितका गोळा होईल तितकीच भर सरकारनं घालायची. तोच हा, माझ्या पावतीवरचा!

आता मला चेव आला. उजव्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीतरी सापडलं असं वाटलं. बहात्तरसारख्या वर्षातून इतकं चांगलं निघालं, मग आपलं वर्ष ते काय? त्याच भरात आत्याला फोन लावला. बहात्तरला ती तेरा वर्षांची होती आणि आजीबरोबर तलावाच्या कामावर जात होती. मी तिला सगळं ऐकवलं. पागे, कायदा, पन्नास लाख माणसं... २००५ साली संसदेनं देशभरासाठी असा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राचाच अनुभव होता, हेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं झालं गं. पण ते वरीस नसतं आलं तर मी शिकले असते."

आत्याची शाळा सातवीत सुटली ती त्याच वर्षी. पाटी-दप्तर गेलं आणि डोक्यावर घमेलं आलं. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण तोवर घरात तिच्या हाताची सवय झाली होती. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मी काय बोलणार? नुसतं "हं" म्हटलं.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "एक सांगू? आईचं नाव मस्टरवर होतं. तिचं स्वतःचं. त्याआधी तिचं नाव कुठल्या कागदावर मी बघितलंच नव्हतं. पगाराच्या दिवशी मुकादम नाव पुकारायचा, आणि आई पदर सारखा करून पुढं जायची. अंगठा द्यायची. पैसे तिच्या हातात."

तो पाझर तलाव अजून आहे. गाळानं बराच भरलाय. फोडलेल्या खडीचे काही ढीग म्हणे वर्षानुवर्षं तसेच पडून होते. पुढे योजनेत खोट्या मस्टरच्या तक्रारीही झाल्या. सगळं काही गोड नाही. पण आजीचं नाव पुकारलं जात होतं, हेही खरं. आणि आत्याची शाळा सुटली, हेही तितकंच खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही. जमाखर्च मांडून शिल्लक काढावी असा हा हिशोबच नाही.

फोन ठेवल्यावर वही उघडली. मधली रेघ खोडली आणि सगळं एकाखाली एक लिहून काढलं : नोकरी, ऑपरेशन, कढीपत्ता. शेवटी लिहिलं, "आत्याशी तासभर बोलले, शाळेचं कळलं." हे बरं की वाईट, ते आत्ता ठरवता येत नाही. बहात्तर संपलं तेव्हा ३१ डिसेंबरला आजीलाही कुठे ठरवता आलं असतं?

असो. नोकरी मिळेल तेव्हा पहिल्या पावतीवरची ती दोनशे रुपयांची ओळ पाहून मी कुरकुर करणार नाही, एवढं मात्र नक्की. आणि मंडळी, तुमच्याही घरात बहात्तर पाहिलेलं कुणी असेल, तर एकदा विचारा. फक्त माझ्यासारखं आधी भाषण देऊ नका!