आजीच्या आजाराची नोंद

आई स्तनाच्या कर्करोगाने गेली तर तिच्या मुलींनी काय करावे, हा प्रश्न आपल्या घरांतून मोठ्याने विचारला जात नाही. मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल या भयाने आजाराचे नावही दडविले जाते. अशा मौनाची किंमत काय असते, हे जर्मनीतील एका शहराच्या इतिहासाच्या आधारे वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

कायझर्सलाउटर्न येथील ज्यू समाजाने १८८६ साली भव्य सिनेगॉग बांधले. पुढे त्या देशात ‘आनुवंशिकता’ या शब्दास भयंकर अर्थ प्राप्त झाला. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने ‘आनुवंशिक रोगी’ ठरविलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि सुमारे ४ लाख स्त्रीपुरुष त्यास बळी पडले. १९३८ साली ते सिनेगॉग पाडण्यात आले. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन व झारफाल्झ या भागांतील सुमारे ६,५०० ज्यूंना फ्रान्समधील गुर्सच्या छावणीत नेण्यात आले. त्यांत कायझर्सलाउटर्नचे ज्यूही होते. १९४२ पासून त्यांतील पुष्कळांना आउशविट्झला धाडण्यात आले.

माणसांबरोबर घराण्याची आठवणही नष्ट झाली. आजी कशाने वारली, आत्याला गाठ कितव्या वर्षी आली, हे सांगणारे कोणी उरले नाही. अशा घराण्यातील नातीस डॉक्टरांपुढे ते रकाने कोरेच ठेवावे लागतात. त्यांची आठवण शत्रूने पुसली. आपली आपण स्वतःच पुसत आहोत.

या आठवणीचे मोल आज अधिक आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर दाखविले. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली व बीआरसीए-२ हे १९९५ साली हाती आले. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत आनुवंशिक कारण पाच ते दहा जणींतच असते. परंतु सदोष जनुक असल्यास ते प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो, आणि ते बापाकडूनही येते. अशा स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा रोग होण्याचा संभव सुमारे ७० टक्के असतो. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

त्याच जर्मनीत १९९६ पासून अशा कुटुंबांसाठी विद्यापीठांच्या रुग्णालयांतून खास केंद्रे चालतात. २०१० साली अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे भावी रोगाची जनुकतपासणी सल्लामसलतीवाचून होत नाही, विमा कंपनीस तिची मागणी करता येत नाही आणि निकाल न ऐकण्याचाही हक्क प्रत्येकास आहे. जेथे आनुवंशिकता हे सक्तीचे हत्यार होते, तेथे आज ती मुलींच्या रक्षणाचे साधन झाली आहे.

मुलींनी काय करावे? आजारी आई हयात असेल तर प्रथम तिची तपासणी व्हावी, म्हणजे मुलींमध्ये नेमके काय शोधायचे ते कळते. दोष आढळल्यास साधारण २५ ते ३० या वयापासून दरवर्षी एमआरआय व पुढे मॅमोग्राम करावे लागते. अपत्ये झाल्यावर बीजकोश व बीजवाहिन्या काढण्याचा, किंवा स्तनांच्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतो.

आपल्यासाठी एक विशेष सूचना. अश्केनाझी ज्यूंत सुमारे चाळिसांत एकास तीन ठराविक जनुकबदलांपैकी एक असतो. इस्राएलमध्ये २०२० पासून अश्केनाझी स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेत आहे. आपण बेने इस्राएल अश्केनाझी नव्हे. केवळ ते तीन बदल नाहीत म्हणून आपल्या मुलींनी निश्चिंत राहू नये. घराण्यात रोग असल्यास संपूर्ण जनुकांच्या तपासणीविषयी विचारावे.

वर्गात वंशावळ फळ्यावर काढली की मुले ती विसरत नाहीत, हा आम्हां शिक्षकांचा अनुभव. तेव्हा येत्या शब्बाथानंतर एक वही घ्यावी. आईकडील व बापाकडील नातलग, कोणास कोणत्या अवयवाचा कर्करोग, कितव्या वर्षी, एवढे लिहावे. वडीलधाऱ्यांस आजच विचारावे. कोकणातून आणलेल्या दागिन्यांची वाटणी आपण चोख करतो. ही वहीही मुलींच्या हाती द्यावी.