दाह शमवणारे संप्रेरक मेंदूत दाह वाढवते तेव्हा

१/ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीस कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ही संप्रेरके दाह शमवतात, हे सर्वमान्य झाले.

२/ त्याच कुळातील कॉर्टिसॉल आपले शरीर ताणाच्या प्रसंगी रक्तात सोडते. ते मेंदूत काय करते?

३/ १९६८ साली ब्रूस मॅकएवेन व सहकाऱ्यांना आढळले, की उंदरांमध्ये हे ताणसंप्रेरक स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन साठते. ताणाच्या यंत्रणेला लगाम घालणारा भागही हाच.

४/ १९८६ साली सापोल्स्की, क्रे व मॅकएवेन यांनी वृद्ध उंदरांच्या अभ्यासातून सिद्धांत मांडला : संप्रेरकाच्या दीर्घ माऱ्याने हिप्पोकॅम्पस झिजतो, लगाम सुटतो, संप्रेरक आणखी वाढते.

५/ पुढे प्राण्यांवरील प्रयोगांनी जुन्या समजुतीलाच छेद दिला. दीर्घकालीन ताणाने मेंदूच्या रक्षक मायक्रोग्लिया पेशी जणू सज्ज होऊन बसतात; वार्धक्यातही तसेच घडते. मग साध्या संसर्गानेही मेंदूत दाह भडकतो.

६/ हे प्रत्येक वृद्धाचे प्राक्तन नव्हे. १९९८ साली सोनिया लुपियन व सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या वृद्धांचे कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे वाढत राहिले, त्यांचाच हिप्पोकॅम्पस लहान व स्मृती क्षीण होती. हेंच यांचे निरीक्षण खोटे ठरले नाही. त्यात काळाचे परिमाण तेवढे नव्हते.